विहिरीची साक्ष : मंद भूकंप आणि भूजलाचा दाब

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत गोविंदपुरा, भोपाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठीचा एक अध्यापक भूकंपावर बोलणार, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. कार्यवाहांनीही मला हळूच विचारले होते, "सर, संतवाङ्मयावर बोलला असता, तर बरे झाले नसते का?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मी भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी नाही. या विषयाचे जे थोडेफार ज्ञान मला झाले, ते वाचनातून आणि तेही बऱ्याच उशिरा. तरीही हाच विषय मी हट्टाने मागून घेतला, कारण माझ्यावर एक जुने ऋण आहे आणि ते ज्या संस्थेच्या सभेत झाले, त्याच संस्थेच्या व्यासपीठावर फेडावे असे मला वाटते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर काही दिवसांनी भूकंपग्रस्तांच्या मदतनिधीसाठी आपल्या वाचनालयाची सभा भरली होती. मी नुकताच एम. ए. होऊन अध्यापनाला लागलो होतो आणि सभेच्या सूत्रसंचालनाचे काम माझ्याकडे होते. श्रोत्यांत माझी आजी बसली होती. आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात. वडील 'भेल'च्या कारखान्यात नोकरीला होते. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात गावचे घर पडले आणि वडिलांनी आजीला इकडे गोविंदपुऱ्यात आणले. त्या सभेत कोणी न विचारता आजी उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या परसातल्या आडानं आधीच सांगितलं होतं. पोहऱ्याच्या दोराला मी गाठी मारल्या होत्या. तिसरी गाठ काठाशी आली की पोहरा पाण्याला टेकायचा. भूकंपाच्या आधी चार दिवस ती गाठ आत जायला लागली. आणि त्या पहाटे पाणी वर आलं ते लालभडक, गढूळ."

मी म्हणालो, "आजी, विहिरी बोलत नसतात. बस आता." सभेत थोडे हसू उमटले आणि आजी खाली बसली. त्यानंतर चार-पाच वर्षे ती आमच्यात होती, पण आडाचा विषय तिने पुन्हा काढला नाही आणि मीही तिला विचारले नाही. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या वेळी न विचारलेल्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे, असे समजावे.

आता मूळ विषयाकडे वळतो. भूकंप म्हणजे काय, हे आपण शाळेत शिकलो आहोत. जमिनीच्या पोटातील खडकांत भेगा असतात. त्यांपैकी ज्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात, तिला विभंग म्हणतात. जुन्या लाकडी फडताळाचा खण पावसाळ्यात फुगून अडकतो, आपण तो ओढत राहतो, तो हलत नाही, आणि मग एकाएकी धाडकन बाहेर येतो. विभंगाचेही तसेच आहे. दोन्ही बाजूंचे खडक घर्षणामुळे अडकून राहतात, ताण वर्षानुवर्षे साठत जातो, आणि घर्षणाची पकड सुटली की काही सेकंदांत सारा ताण मोकळा होतो. त्या धक्क्याच्या लाटा चहूकडे पसरतात, घरे पाडतात.

आपल्या परिचयाचे तीन भूकंप आठवावेत. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चारनंतर कोयनानगर हादरले. रिश्टर मापनावर ६.३ तीव्रतेच्या त्या भूकंपात दोनशेच्या आसपास माणसे दगावली. किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या जरा आधी झाला. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर दमूनभागून झोपलेली सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. आणि २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप, ज्यात चाळीसच्या आसपास बळी गेले, तोही पहाटे चारनंतरच झाला. तिन्ही भूकंप पहाटे चारच्या सुमाराचे! हे ऐकताच मनात एक नियम तयार होऊ लागतो. परंतु भूकंपांची हजारो नोंदी असलेली यादी पाहिली, तर ते दिवसाच्या कोणत्याही प्रहरी होतात असे दिसते. मोजक्या आठवणींतून माणूस किती सहज नियम बांधतो, हे ध्यानात यावे म्हणून हे उदाहरण दिले. पुढे आजीच्या आडाचा विचार करताना आपल्याला याची पुन्हा गरज लागणार आहे.

विसावे शतक संपेपर्यंत भूकंपाविषयीची सर्वसाधारण समजूत अशी होती की, विभंग एक तर अडकलेला असतो किंवा धाडकन सुटतो. काही विभंग सतत हळूहळू सरकत राहतात, हे ठाऊक होते. पण या दोन्हींच्या मधली एक अवस्था असते, तिचा स्पष्ट उलगडा कॅनडा आणि जपान या दोन देशांत झाला.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर बेटाच्या परिसरात, समुद्राचा तळ खंडाच्या खाली सरकत असतो. त्यामुळे किनाऱ्यावरची जमीन दरवर्षी काही मिलिमीटर आतल्या दिशेला ढकलली जाते आणि उपग्रहांच्या साहाय्याने स्थान मोजणारी केंद्रे हे नोंदवतात. १९९९ च्या उन्हाळ्यात हर्ब ड्रॅगर्ट या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की, त्यांपैकी काही केंद्रे काही आठवडे चक्क उलट दिशेला, म्हणजे समुद्राकडे सरकली. भूकंपमापकांवर त्या काळात मोठा धक्का नोंदला गेला नव्हता, कोणाच्या घरातले भांडेसुद्धा वाजले नव्हते. तरीही जमिनीखालचा विभंग काही सेंटिमीटर सरकला होता. तीच हालचाल एका मिनिटात झाली असती, तर साडेसहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप ठरला असता. २००१ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्या भागात अशी हालचाल सुमारे चौदा महिन्यांनी पुनःपुन्हा होते, असे दिसून आले.

त्याच सुमारास जपानमध्येही असाच शोध लागला. जानेवारी १९९५ मधील कोबेच्या विनाशकारी भूकंपानंतर त्या देशाने भूकंपमापकांचे अतिशय दाट जाळे उभारले. त्या नोंदींत काझुशिगे ओबारा यांना खोल जमिनीतून येणारी एक अखंड, क्षीण थरथर आढळली. २००२ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. ही थरथर आणि विभंगाचे मंद सरकणे एकाच घटनेची दोन अंगे आहेत, हे लवकरच स्पष्ट झाले. अशा घटनांना आपण मराठीत 'मंद भूकंप' म्हणू. साधा भूकंप सेकंदांत संपतो. मंद भूकंप काही दिवस, काही आठवडे, क्वचित काही महिने चालतो. खण अडकलेलाही नाही आणि धाडकन सुटलेलाही नाही, कोणीतरी तो मुंगीच्या पावलाने बाहेर ओढत आहे, अशी कल्पना करावी.

यात शास्त्रज्ञांना एवढा रस का? कारण मंद भूकंप बहुधा अशा जागी होतात, जिच्या शेजारीच विभंगाचा अडकलेला भाग असतो. मंद सरकण्यामुळे एका ठिकाणचा ताण उतरतो आणि शेजारच्या भागावरचा वाढू शकतो. मार्च २०११ मध्ये जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर आलेल्या महाभूकंपाच्या आधी काही आठवडे त्या परिसरात मंद सरकण्याच्या खुणा होत्या, असे नंतरच्या अभ्यासांत दिसून आले. येथे 'नंतरच्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याच्याकडे मी पुन्हा येईन.

मंद भूकंप मोजावा कसा? भूकंपमापक यंत्र झटपट हालचाली पकडण्यासाठी घडवलेले असते. आठवडाभर चालणारे सरकणे त्याला प्रत्यक्ष जाणवत नाही. उपग्रहांवरून केलेले मापन उपयोगी पडते, पण सरकणे लहान आणि खोल असेल तर पृष्ठभागावर त्याचा परिणाम मिलिमीटर-दोन मिलिमीटर इतकाच उरतो. आणि समुद्राच्या तळावर तर उपग्रहाचा संदेशच पोहोचत नाही. अशा वेळी जो साक्षीदार उपयोगी पडतो, तो म्हणजे जमिनीतले पाणी.

पाणी जमिनीखाली तळ्यासारखे साठलेले असते, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः ते खडकांच्या बारीक छिद्रांत आणि फटींत भरलेले असते. पाणी धरून ठेवणाऱ्या अशा थराला जलधर म्हणतात. काही जलधरांच्या वर आणि खाली पाणी न झिरपू देणारे थर असतात, त्यामुळे त्यांतले पाणी कोंडलेले आणि दाबाखाली असते. भिजलेला स्पंज मुठीत धरून जरासा आवळला, तर पाणी वर येते आणि मूठ सैल केली की आत ओढले जाते. कोंडलेल्या जलधरात उतरलेली विहीर म्हणजे त्या स्पंजात खोचलेली नळी. आजूबाजूचा खडक किंचित आवळला गेला तर नळीतले पाणी चढते, किंचित ताणला गेला तर उतरते.

'किंचित' म्हणजे किती? एक किलोमीटर लांबीच्या खडकाची लांबी एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने बदलली, तरी चांगल्या विहिरीतले पाणी काही मिलिमीटर, कधी सेंटिमीटरभर हलते. याचा पुरावा प्रत्यक्ष चंद्रच देतो. चंद्र-सूर्याच्या ओढीने समुद्राला भरती येते, हे आपण जाणतो. पण त्याच ओढीने घन जमीनही दिवसातून दोनदा वीत-दीड वीत वरखाली होते. सारा परिसर एकदमच उचलला जातो, म्हणून आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. संवेदनशील विहिरीला मात्र लागतो. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या विहिरीच्या पाण्यातही भरती-ओहोटीची लय उमटते. एखादी विहीर साक्षीला योग्य आहे की नाही, हे ठरवण्याची पहिली परीक्षा हीच. जिला चंद्र कळतो, तिला खडकाचे आवळणे कळण्याची शक्यता असते.

तरीही विहिरीची साक्ष जशीच्या तशी घेता येत नाही. पाऊस पडला की पाणी चढते. हवेचा दाब वाढला की उघड्या विहिरीतले पाणी खाली दाबले जाते. शेजारच्या शेतात पंप चालू झाला की पातळी उतरते. म्हणून शास्त्रज्ञ प्रत्येक विहिरीजवळ पर्जन्यमापक आणि वायुदाबमापक ठेवतात, पाण्याचा दाब अखंड मोजतात, आणि मग त्या नोंदीतून चंद्राचा, हवेचा, पावसाचा वाटा एकेक करून वजा करतात. सर्व वजाबाकी झाल्यावर जे उरते, तेच खडकाचे म्हणणे. काही ठिकाणी विहिरीचे तोंड घट्ट बंद करून आतला दाब थेट मोजतात. तसे केल्याने पाण्याला विहिरीत चढण्या-उतरण्याचा वेळ घ्यावा लागत नाही आणि लहान बदलही लवकर कळतो.

या विद्येत जपान सर्वांच्या पुढे आहे आणि त्याला इतिहासाची पार्श्वभूमी आहे. शिकोकू बेटावर दोगो येथे प्राचीन काळापासून प्रसिद्ध असलेले उन्हाळे, म्हणजे गरम पाण्याचे झरे आहेत. नानकाई सागरी खंदकात मोठा भूकंप झाला की या झऱ्यांचे पाणी आटते, अशी नोंद तेथे शतकानुशतके होत आली. २१ डिसेंबर १९४६ च्या नानकाई भूकंपात तेथील पाण्याची पातळी दहा मीटरांहून अधिक खाली गेली. याच भूकंपानंतर सरकारी पाहणी करणाऱ्यांना किनाऱ्यावरील मोजक्या गावांतील लोकांनी सांगितले की, भूकंपाच्या आधी काही दिवस आमच्या विहिरी आटल्या होत्या. बहुतेक गावांत मात्र कोणाला काही जाणवले नव्हते.

सभासदहो, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. पाटण तालुक्यातील एका आडाची हकीकत जपानी कोळ्यांच्या तोंडून मी ऐकत होतो. फरक एवढाच होता की, तेथे कोणीतरी वही घेऊन त्यांच्या दाराशी गेले होते.

जपानी शास्त्रज्ञांनी त्या साक्षी खऱ्या म्हणून डोक्यावर घेतल्या नाहीत आणि खोट्या म्हणून फेकूनही दिल्या नाहीत. मुख्य धक्क्याच्या आधी विभंग खोलवर मंदपणे सरकला असेल, तर विहिरी उतरू शकतील का, हा प्रश्न त्यांनी घेतला आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी विहिरी खोदल्या. जपानच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २००६ नंतर की द्वीपकल्प आणि शिकोकू या भागांत नवी निरीक्षणकेंद्रे उभारली. तेथे वेगवेगळ्या खोलीच्या विहिरींत पाण्याचा दाब अहोरात्र मोजला जातो. संस्थेचे कितागावा आणि कोइझुमी यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, नानकाई भागातील काही दिवस चालणारे मंद भूकंप भूजलाच्या नोंदींत ओळखता येतात, असे दाखवून दिले. विहिरी बोलत नसतात, हे माझे वाक्य त्या दिवशी खोटे ठरले होते. मला ते कळायला आणखी काही वर्षे लागली, एवढेच.

पुढची मजल समुद्रात गेली. 'चिक्यू' या जपानी जहाजाने नानकाई खंदकाजवळ समुद्रतळाला विवरे पाडली आणि त्यांत दाबमापक बसवून ती बंद केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तेथे आठ ते पंधरा महिन्यांच्या अंतराने मंद भूकंप होतात आणि प्रत्येक वेळी विभंग एक ते चार सेंटिमीटर सरकतो. याच विवरांच्या नोंदींवर आधारलेला आणखी एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१५ च्या शरद ऋतूत झालेली अशी एक मंद हालचाल विभंगावरून खंदकाच्या दिशेने कशी पुढे पुढे सरकत गेली, हे त्यात दाखवले आहे. किनाऱ्यावरील यंत्रांना ज्याचा गंध नाही, अशी हालचाल समुद्रतळाखालच्या पाण्याच्या दाबावरून वाचता आली.

आता आपल्या घरचा विचार करू. कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरू लागला तो १९६० नंतर आणि त्याबरोबर परिसरात लहान धक्के सुरू झाले. जलाशयाचे पाणी खडकांच्या फटींतून खोल जाते, तेथील पाण्याचा दाब वाढतो, दोन खडकांमधील पकड ढिली होते, आणि आधीच ताणलेला विभंग सुटतो, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. धरणाने ताण निर्माण केला नाही, साठलेल्या ताणाला वाट दिली, हा भेद ध्यानात ठेवावा. या सभागृहात जलविद्युत टर्बाइन घडवण्यात आयुष्य वेचलेले अनेकजण बसले आहेत. पाण्याच्या दाबाची ताकद त्यांना मी सांगावी असे नाही.

भूकंपाचे कारणच जर पाण्याचा दाब असेल, तर तो दाब मोजलाच पाहिजे, या विचाराने हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९९५ पासून जर्मन शास्त्रज्ञांच्या सहकार्याने कोयना-वारणा परिसरात सुमारे वीस खोल बोअर घेतले आणि त्यांत पाण्याची पातळी नोंदणारी यंत्रे बसवली. त्यांतील अनेक विहिरींना चंद्र कळतो, असे आढळले. २५ एप्रिल १९९७ च्या ४.४ तीव्रतेच्या भूकंपाच्या वेळी काही विहिरींची पातळी पायरी पडावी तशी एकाएकी बदलली. २००० सालच्या पाचहून अधिक तीव्रतेच्या भूकंपांच्या वेळीही असे बदल नोंदले गेले. २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्रा भूकंपाच्या लाटा हजारो किलोमीटर ओलांडून आल्या, तेव्हाही कोयनेच्या विहिरींतले पाणी डुचमळले. पुढे कराड येथे भारत सरकारने खास संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली आणि २०१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर पूर्ण झाले. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा काळा पाषाण भेदून ते खालच्या ग्रॅनाइटी खडकात उतरले आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे. कोयनेच्या विहिरींतील या पायऱ्या झटक्याच्या भूकंपांच्या आहेत, मंद भूकंपाच्या नव्हेत. मंद भूकंपांची ठळक उदाहरणे मिळतात ती जेथे समुद्रतळ खंडाखाली जातो तेथे, म्हणजे जपान, कॅनडा, न्यूझीलंड, मेक्सिको अशा ठिकाणी. कोयना भूपट्टाच्या पोटात आहे. तिची तुलना नानकाईशी सरसकट करता येणार नाही. परंतु मोजण्याची पद्धत एकच आहे, आणि आपल्या सह्याद्रीतल्या विहिरी साक्षीला योग्य आहेत, हे सिद्ध झाले आहे.

मग यावरून भूकंपाचे भाकीत करता येईल का? हा प्रश्न आपल्या मनात केव्हापासून घोळत असेल. उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. ४ फेब्रुवारी १९७५ रोजी चीनमधील हाइचेंग येथे भूकंप झाला. त्याआधीचे लहान धक्के, विहिरींतील बदल वगैरे पाहून लोकांना घराबाहेर काढले गेले होते आणि अनेकांचे प्राण वाचले. सर्व जगाला वाटले, किल्ली सापडली. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ रोजी तांगशान येथे कोणताही इशारा न मिळता भूकंप झाला आणि दोन लाखांहून अधिक माणसे मेली. बहुतेक मंद भूकंप काहीही न होता विरून जातात. महाभूकंपाआधीच्या खुणा आजवर बहुधा नंतरच्या अभ्यासात सापडल्या आहेत. मघाशी 'नंतरच्या' या शब्दाकडे मी लक्ष वेधले, ते यासाठी. ऑगस्ट २०२४ मध्ये ह्यूगा सागरात ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा जपानने नानकाई किनाऱ्यासाठी प्रथमच सावधगिरीची सूचना काढली. तीत भाकीत नव्हते, 'नेहमीपेक्षा शक्यता वाढली आहे, तयारीत राहा' एवढेच होते. आठवड्याने ती मागे घेतली. शास्त्राला आज इतकेच बोलता येते, आणि त्याहून अधिक जो बोलतो, त्याच्यापासून सावध राहावे.

भाकीत नाही, तर मग या नोंदींचा उपयोग काय? किल्लारीकडेच पाहा. १९९२ च्या पावसाळ्याच्या अखेरीस तेथे धक्के बसू लागले होते, लोक घाबरून घराबाहेर झोपत होते. पुढे धक्के थांबले, लोक घरात गेले आणि वर्षभराने तो दिवस उजाडला. मधल्या त्या शांत काळात जमिनीखाली काय चालले होते, हे आज कोणालाही सांगता येणार नाही, कारण त्या गावांच्या आसपास ते अखंड मोजणारे काही नव्हते. आपल्याच राज्यात, खांडव्याजवळ पंधाना परिसरात, १९९८ च्या पावसाळ्यानंतर जमिनीतून गडगडाटासारखे आवाज आणि शेकडो लहान धक्के सुरू झाले, तेव्हा यंत्रे नेली गेली. पण ती धक्के सुरू झाल्यावर गेली. आधीच्या दिवसांची नोंद मागाहून करता येत नाही.

आपल्या देशात विहिरींची मोजणी होत नाही असे नाही. केंद्रीय भूजल मंडळ देशभरातील हजारो निरीक्षण-विहिरींची पातळी परंपरेने वर्षातून चार वेळा मोजत आले आहे. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे काम करते. दुष्काळाचा आणि पाण्याचा हिशेब ठेवण्यास ते पुरते. चार दिवसांत होऊन गेलेली हालचाल मात्र वर्षातून चारदा मोजून हाती लागणार नाही. अलीकडे अनेक ठिकाणी पातळी आपोआप नोंदणारी यंत्रे बसू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. ती पाण्याच्या हिशेबासाठी बसवलेली असली, तरी त्यांची नोंद अखंड राहिली आणि जपून ठेवली गेली, तर उद्याच्या अभ्यासकाला तिच्यातून आणखीही काही वाचता येईल.

शेवटी आजीच्या आडाकडे येतो. तिची साक्ष खरी मानावी का? मी ती जमेल तितक्या तटस्थपणे तपासली. पहाटे पाणी वर येऊन गढूळ झाले, हे सहज पटण्याजोगे आहे. भूकंपाच्या हादऱ्याने विहिरीचे पाणी चढते-उतरते आणि तळचा गाळ ढवळला जातो, हे जगभर नोंदलेले आहे. चार दिवस आधी गाठ आत जाऊ लागली, हे मात्र मला सिद्ध करता येत नाही. डिसेंबरात पाटणच्या बाजूला आडांचे पाणी उतरणीलाच लागते. घरात पाहुणे असतील, उपसा वाढला असेल. परसातला उथळ आड कोंडलेल्या जलधरात उतरलेला असण्याचा संभव कमी. आणि मोठ्या आघातानंतर माणसाची आठवण आधीच्या दिवसांना नवा अर्थ देते. पहाटे चारच्या तीन भूकंपांचे उदाहरण याच कारणासाठी दिले होते.

असे असूनही मी त्या सभेत चुकलो होतो, आणि कशात चुकलो होतो ते आज मला कळते. आजी म्हणत होती त्यात समजुतीचा भाग असेल, पण मोजमापाचाही होता. तिने दोराला गाठी मारल्या होत्या. रोज पाणी काढताना कोणती गाठ काठाशी येते, हे ती पाहत होती. तिच्याजवळ साधन होते, रोजची सवय होती, नजर होती. उणीव होती ती एका वहीची, आणि लिहून घेणाऱ्याची. त्या दिवशी या सभेत लिहिता येणारी इतकी माणसे होती, आणि त्यांतल्या एकाने, तिच्याच नातवाने, तिला खाली बसवले. वडिलांना मी पुढे विचारले, तेव्हा ते १९६७ मध्ये इकडे नोकरीवर असल्याने त्यांना आडाविषयी काही ठाऊक नव्हते. आता तो आडही बुजवला गेला आहे. दोन गाठींमध्ये किती अंतर होते, आधीच्या वर्षी त्याच महिन्यात कोणती गाठ काठाशी येत होती, भूकंपानंतर पाणी पूर्वपदावर यायला किती दिवस लागले, हे मी तिला विचारू शकलो असतो. उत्तरे मिळाली असती, तर तिचे म्हणणे कदाचित खोटेही ठरले असते. पण मग ते तपासून खोटे ठरले असते, हसून नव्हे.

आपल्या वाचनालयाने शंभर वर्षे जी नोंदवही चालवली, तिच्यात कोणते पुस्तक कोणी केव्हा नेले, हे लिहिलेले आहे. लिहिणाऱ्याला तेव्हा त्याचे महत्त्व वाटले नसेल. मंद भूकंपाचा शोध ज्या नोंदींत लागला, त्या नोंदी ठेवणाऱ्यांनाही आपण नेमके काय टिपत आहोत, हे ठाऊक नव्हते. संस्थेचे काम काय असावे, याचे माझ्यापुरते उत्तर मला यात मिळाले.

पदाधिकाऱ्यांनी हे व्याख्यान स्मरणिकेसाठी मागितले, तेव्हा मी एकच विनंती केली, की पुढील चार ओळी त्यात न वगळता छापाव्यात. पाटण तालुक्यातील एका घराच्या परसातील आडाचे पाणी ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपापूर्वी सुमारे चार दिवस उतरू लागले होते आणि भूकंपाच्या पहाटे ते वर येऊन तांबडे, गढूळ झाले होते, असे त्या घरातील एका स्त्रीने १९९३ मध्ये या वाचनालयाच्या सभेत सांगितले. तिचे माप दोराच्या गाठींचे होते. या म्हणण्याला दुसरा आधार नाही. ते लिहून घेण्यास उशीर झाला, त्याची जबाबदारी प्रस्तुत वक्त्याची आहे.